पाग गोल पडत नाही, आणि धरलेल्या बोया बादलीत मरतात

कळंबोलीकर

नमस्कार मंडळी. राहतो कळंबोलीला, सासुरवाडी रेवदंड्याची. दोन वर्षांपूर्वी चुलत सासऱ्यांनी साळावच्या पुलाजवळ माझ्या हातात गरी दिली, तेव्हापासून महिन्यातला एक तरी रविवार कुंडलिकेच्या खाडीवर जातो. आजवर कोळंबी लावूनच गरवत आलो. शिंगाळा लागतो, खरबा लागतो, एकदा हातभर तांबोशी लागली. जिताडा मात्र एकदाही नाही. सासरे म्हणतात, मेलेल्या कोळंबीला मोठा जिताडा भुलत नाही, त्याच्यापुढे जिवंत बोय मासा फिरव.

म्हणून दिवाळीत अलिबागच्या बाजारातून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, घेतला. ८ फुटी, तंगुसाचा (नायलॉनच्या धाग्याचा), काठाला शिशाच्या गोळ्या आणि आतून खिसे. सासऱ्यांचा खांदा आता वर जात नाही, त्यामुळे ते स्वतः टाकून दाखवू शकत नाहीत. त्यांनी तोंडी सांगितलं, मी मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ पाहिले आणि गेल्या रविवारी सकाळी ७ ते १० असे तीन तास खाडीच्या काठाला उभा राहिलो.

चाळीस वेळा तरी टाकला असेन. बरा म्हणावा असा दोनदाच पडला. बाकी वेळी होडीसारखा लांबट, नाहीतर पीळ बसून नुसता गठ्ठा. ११ बोया मिळाल्या, बोटभरापासून वीतभरापर्यंत. त्यातल्या चौघींची डोकी आसात (जाळ्याच्या भोकात) अडकून कल्ल्यांतून रक्त आलं होतं. उरलेल्या ७ रंगाच्या रिकाम्या बादलीत, खाडीचंच पाणी भरून ठेवल्या. ४० मिनिटांत सगळ्या पोट वर करून तरंगायला लागल्या. भरती लागली, गरी टाकायची वेळ झाली, तेव्हा माझ्याकडे एकही जिवंत मासा नव्हता.

पाग टाकण्यात नेमकं काय चुकतंय, आणि बोया दोन-तीन तास जिवंत कशा ठेवायच्या, हे कुणी नीट समजावून सांगेल का? उन्हाळ्याच्या आत हे शिकायचंच आहे.

कर्लीकाठ

भाऊ, ८ फुटी पाग शिकणाऱ्याच्या हाताला झेपत नाही. ५ फुटी घ्या. मी तारकर्लीला मामाकडे शिकलो तो ५ फुटीवरच, आणि तोसुद्धा पहिला महिनाभर पाण्यात नाही, खळ्यात. जमिनीवर सायकलचा टायर ठेवायचा आणि दहा पावलांवरून पाग असा टाकायचा की टायर बरोबर मधोमध यावा. गवतावर टाका, मातीत खडे असतील तर तंगूस कापतो.

आणि डोकं अडकून मासे जखमी होतायत म्हणजे तुमच्या जाळ्याचा आस मोठा आहे. तो खाण्याचे मासे धरायचा पाग आहे, आमिषाचा नाही. आमिषासाठी गाठीपासून गाठीपर्यंत १० मिलिमीटरच्या आसपास आस बघा. दुकानात करंगळी घालून बघायची, टोक शिरेल पण पेर शिरणार नाही असा घ्यायचा. आमच्याकडे बोयांना शेवटे म्हणतात. बोटभर शेवटो त्या आसात अडकत नाही, आत नुसता फिरतो आणि जसाच्या तसा हातात येतो.

दाभोळचा तांडेल

रामराम. मी दाभोळचा. हर्णै बंदरातून २२ वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून समुद्रावर होतो. आता गुडघे होडीवर उभं राहू देत नाहीत, म्हणून वाशिष्ठीच्या खाडीत पाग आणि गरी एवढंच उरलंय. पण पागाचं शिक्षण त्याच्या आधीचं, वडिलांचं. त्यांचा पाग सुती होता. पावसाळ्याआधी झाडाच्या सालीच्या काढ्यात तो उकळायचे, त्या वासाने घर भरून जायचं, आणि वाळलेला तांबूस पाग पडवीत खुंटीला टांगलेला असायचा. तो वास अजून नाकात आहे, म्हणून जरा लांबण लावली तर समजून घ्या.

कर्लीच्या भावांनी आसाचं बरोबर सांगितलं. त्यात एक भर घालतो. लहान आसाचा पाग पाण्यात हळू बुडतो, कारण पाण्याला आरपार जायला वाट कमी. त्यामुळे लहान आस घेतलात तर शिसं जरा जास्त लावलेला पाग घ्या. हलका पाग खाली पोहोचेपर्यंत बोय निघून गेलेली असते. बोयेसारखी चपळ दुसरी मासळी खाडीत नाही.

आता मापाचं. ५ फुटी पाग म्हणजे शेंडीपासून (दोरी बांधतात त्या मधल्या टोकापासून) शिशापर्यंत ५ फूट. पूर्ण गोल पडला तर जवळपास ७८ चौरस फूट पाणी झाकतो. तुमचा ८ फुटी होडीसारखा लांबट पडतो, तेव्हा त्याची याच्या निम्मी जागासुद्धा झाकली जात नाही. मोठ्या पागाने जास्त मासा हा समज मनातून काढा.

टाकण्याची रीत सांगतो, उजव्या हाताच्या माणसासाठी. दोरीच्या टोकाचा फास डाव्या मनगटात घाला, पण घट्ट आवळू नका. तो का आवळायचा नाही ते खाली सांगतो. दोरी गुंडाळून डाव्या हातात घ्या. मग शेंडी धरा आणि पागाचे दोन-तीन वेढे त्याच हातात घ्या, खाली गुडघ्यापर्यंत लोंबेल एवढाच घेर सुटा ठेवा. आता काठाचं एक शिसं उचलून डाव्या कोपरावर टाका, म्हणजे तेवढा घेर कोपरावर अडकून राहील. उरलेल्या घेरातला अर्धा उजव्या हातात, बोटांच्या घडीत नीट लावून घ्या. पीळ बसतो तो इथेच. घेर हातात घेताना एक शिसं जरी दुसऱ्याच्या आतून गेलं तर टाकल्यावर तो पाग कधीच उघडणार नाही. म्हणून टाकण्याआधी एकदा हलकेच झटका देऊन बघा, सगळी शिसं सरळ खाली लोंबली पाहिजेत. या तपासणीला पाच सेकंद लागतात आणि तुमचे चाळीसातले तीस टाक त्यानेच वाचले असते.

जुनी माणसं एक शिसं दातात धरायची. माझे वडीलही धरायचे. तुम्ही धरू नका. शिसं विषारी असतं, आणि कोपराने तेच काम होतं.

मग कमरेतून वळायचं. जोर हातात नाही, कमरेत. शरीर आधी डावीकडे, मग एका लयीत उजवीकडून पुढे, आणि उजवा हात सुटताना तो पाण्यावर भाकरी थापल्यासारखा सपाट फिरला पाहिजे, वर आभाळाकडे नाही. उजवा हात सुटला की डावं कोपर आपोआप पुढे जातं आणि तिथला घेर सगळ्यात शेवटी सुटतो. कोपर आधी सुटलं की पाग लांबट पडतो. तुमचं बहुतेक हेच होतंय.

पाग बरोबर पडला की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. सगळी शिसं एकदम पाण्याला लागली तर एकच 'छप्प' असा आवाज येतो. टप-टप-टप असा एकामागून एक आला तर समजा वाकडा पडला. वडील माझ्याकडे पाठ करून बसायचे, विडी ओढत, आणि नुसत्या आवाजावर "परत" म्हणायचे. बारा वर्षांचा होतो. "परत" हा शब्द ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा खाडीत नेलं.

ओढण्याचं. तुम्ही व्हिडिओ पाहिलेत म्हणालात. त्यातले पुष्कळसे परदेशी पाग असतात. त्यांना आतून दोऱ्या असतात आणि मधल्या कड्यातून त्या खेचल्या की तळ आवळतो. तो माणूस जोरात खेचतो, ते त्याच्यासाठी बरोबर आहे. आपला पाग खिशांचा. तो जोरात खेचलात तर शिसं तळापासून उचलतं आणि खालून सगळा मासा निघून जातो. आपला पाग आधी तळाला बसू द्यायचा. दोरी ढिली पडली की समजायचं बसला. मग शेंडी हलकेच सरळ वर उचलत, थोडं ओढ, थांब, थोडं ओढ, असं करायचं. शिसं तळावरून घसटत एकमेकांजवळ येतं आणि मासा वर पळायला जाऊन खिशात शिरतो. पाणी पागाच्या लांबीपेक्षा खोल नको. ५ फुटी पागाला गुडघा ते मांडीभर पाणी उत्तम.

आता वेळेचं. तुम्ही सकाळी ७ ते १० टाकत बसलात, पण त्या दिवशी पाणी काय करत होतं ते लिहिलं नाहीत. आम्ही घड्याळाआधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर ६ ची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती पहाटे साडेचारला आणि पुन्हा दुपारी पाचच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशोब खाडीच्या तोंडाशी, आत जाल तसा उशीर धरा. बोय पाण्याबरोबर चिखलावर चढते, कारण तिचं खाणं चिखलावरचं शेवाळ आणि गाळ. भरतीचं पहिलं पाणी चिखलावर पसरायला लागतं तो पहिला तास आमिषाचा. दुसरी वेळ ओहोटीचा शेवट, जेव्हा तिवरांतलं पाणी चरातून बाहेर निघतं आणि सगळी बारीक मासळी त्या एका चरातूनच उतरते. मधल्या वेळात चाळीस टाक टाकूनही ११ च मिळणार.

पाण्याकडे बघायला शिका. वारा नसताना पाण्याचा एखादा तुकडा बाकीच्यापेक्षा वेगळा थरथरतो, बारीक पाऊस पडल्यासारखा. त्याखाली बोया आहेत. मधूनच एखादी उडी मारते. उडी मारली तिथे टाकू नका, कळप ज्या दिशेने चालला आहे तिच्या चार हात पुढे टाका. सूर्य समोर ठेवा, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. पाठीवर सूर्य घेतलात की तुमच्या आधी तुमची सावली कळपात शिरते.

मनगटातल्या फासाचं. सहा वर्षांपूर्वी मी मांडीभर पाण्यात उभा, ओहोटीची ओढ जोरात, आणि पाग बुडालेल्या जुन्या खुंटात अडकला. पाण्याने मला पुढे नेलं आणि दोरी मागे. फास आवळत गेला, हात निळा पडला. पायाखाली चिखल, गुडघा निघेना. कमरेला कोयता होता म्हणून दोरी तोडली आणि वाचलो. पाग गेला. तेव्हापासून फास असा ठेवतो की बोटं जुळवली तर हात सहज बाहेर येईल, आणि खिशात छोटी सुरी असते. एकटे जाऊ नका. आमच्या खाडीत तर मालदोलीच्या बाजूला मगरी आहेत, तिन्हीसांजेला मी पाण्यात पाय घालत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, कारण पाग टाकणं हात शिकतो, पण धरलेला मासा जगवायचा तर माणसाला जपूनच वागावं लागतं.

४० मिनिटांत ७ बोया का मेल्या? माझा अंदाज असा. पाग वर आणून तुम्ही कोरड्या दगडावर किंवा वाळूवर रिकामा केलात. बोयेची खवलं पटकन सुटतात. तुमच्या बादलीत पाण्यावर अभ्रकासारखे चकचकीत तुकडे तरंगत होते का? होते तर तोच पुरावा. खवलांबरोबर अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तो गेला की मासा बरा दिसला तरी आतून संपलेला असतो. पाग पाण्यातच, बादलीच्या तोंडावर उघडायचा. हात लावायचा तर ओला करून. ज्या बोयेचं डोकं अडकलं तिला मागे ओढू नका, कल्ले फाटतात. शक्य असेल तर पुढे ढकलून काढा, नसेल तर ती आमिषाच्या कामाची नाही, घरी न्या.

दुसरं, रंगाची बादली. कितीही धुतली तरी वास राहतो. तिच्यात मासा ठेवू नका. तिसरं, गरम पाण्यात हवा कमी मावते. उन्हात ठेवलेली २० लिटरची बादली अर्ध्या तासात कोमट होते. बोया वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागल्या की त्यांना श्वास मिळत नाही हे त्या सांगत असतात. त्या वेळी अर्धं पाणी काढून खाडीचं ताजं पाणी ओता. पाण्यावर फेस जमायला लागला तर घाण वाढली, तेव्हाही पाणी बदला. नळाचं पाणी थेंबभर नको. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मिळतो, माशांच्या टाकीच्या दुकानात बघा, त्याने फार फरक पडतो. बादली सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळून. वैशाखात मी पाण्याची बाटली गोठवून, झाकण बंद ठेवून, बादलीत सोडतो. बर्फ थेट टाकत नाही. पाणी एकदम गार झालं तरी मासा मरतो.

आणि २० लिटरला बोटभर बोया दहा-बारा, बास. त्याहून जास्त आल्या तर सोडून द्या. एका पाण्यात मला कधी आठपेक्षा जास्त बोया लागल्या नाहीत. पन्नास धरून चाळीस मारल्या तर ती चाळीस आमिषं नव्हेत, खाडीतल्या चाळीस बोया कमी झाल्या. एक मेली की लगेच काढा, तिच्याबरोबर पाणी सडतं.

पाग घरी नेऊन गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने तंगूस ठिसूळ होतो. आणि टांगून ठेवा, उंदरांना माशाचा वास आवडतो.

माहेर रेवदंडा

जावईबापू, माझं माहेर रेवदंड्याचं, कोळीवाड्यातलं. आता बोरिवलीला असते. तांडेलकाकांनी सगळं इतकं नीट सांगितलंय की मी फक्त आपल्या गावचं सांगते.

आमच्याकडे जिताडा म्हणजे लग्नाच्या बोलणीला नेण्याची मासळी. शेतांच्या खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) ज्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, आहेत, तिथून ओहोटीला शेताकडचं पाणी खाडीत पडतं, आणि त्या पाण्याबरोबर बारीक मासळी बाहेर येते. जिताडा तोंड त्या पाण्याकडे करून खाली दबा धरून असतो. बोया उघाडीजवळ धरा, पण उघाडीच्या तोंडावरच पाग टाकू नका. तिथे जाळी लावणारी माणसं ठरलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या. एकदा तुमच्या सासऱ्यांना घेऊन जा, चार माणसांशी बोला, नाव सांगा. मग तेच तुम्हाला सांगतील की आज कुठल्या चरात बोय आहे.

बादलीपेक्षा एक सोपी रीत आहे, माझे वडील तेच करायचे. झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या आणि त्याला तापलेल्या सळईने चारही बाजूंनी भोकं पाडा, बोयेचं डोकं शिरणार नाही एवढी. झाकणाला हात जाईल एवढं भोक. बाजूला रबराच्या जुन्या चपला किंवा थर्माकोल बांधला की डबा अर्धा बुडून तरंगतो. तो कमरेला दोरीने बांधून पाण्यातच ठेवायचा. बोया त्यांच्याच पाण्यात राहतात, पंप नको, बर्फ नको.

अजून एक, हे मनापासून सांगते. पावसाळ्यात आणि त्यानंतर पागात जिताड्याची पिल्लं येतात. बोटभर, अंगावर काळपट-पिवळट डाग आणि कपाळावरून पाठीकडे जाणारा पांढरट पट्टा. ती ओळखा आणि तशीच सोडा. काही जण तळ्यात सोडायला नेतात, पण बादलीत मरू देण्यात काय अर्थ? जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा म्हणजे अंड्यांची मादी. ती पाण्यात राहिली तरच पुढच्या वर्षी पिल्लं.

आईला पागाच्या फाटलेल्या आसातून सुई फिरवताना लहानपणी बघत बसायचे. फाटलेला पाग टाकून देऊ नका. पाच आस तुटले तरी अर्ध्या तासात शिवून होतो, गावात अजून शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांना काम द्या.

दाभोळचा तांडेल

ताईंची डब्याची रीत माझ्या बादलीपेक्षा सरस आहे, ती करा. फक्त डबा वाहत्या पाण्यात बांधू नका. ओढीत बोया एका बाजूला दाबल्या जाऊन थकतात. आडोशाच्या संथ पाण्यात ठेवा. आणि भोकं पाडल्यावर आतून हात फिरवून बघा. सळईने वितळलेल्या प्लास्टिकची टोकं राहतात, त्यांवर खवलं खरवडली जातात. ती कानशीने घासून घ्या.

पागात शिंगाळा आला तर हाताने काढू नका. पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी. पक्कडीने काटा मोडा, मग मासा काढा. केंड आला तर तो तंगूस चावून तोडतो, त्याला आधी सोडवा. चिंबोरी आली तर पाग पाण्यात तसाच धरून ठेवा, ती आपणहून नांगी सोडते. घाईत ओढलीत तर दहा आस फाटतील.

कळंबोलीकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. ५ फुटी, १० मिलिमीटर आसाचा पाग घेतला. कळंबोलीच्या मैदानात रोज सकाळी ६ ला अर्धा तास, टायर ठेवून. कोपराचंच चुकत होतं. काकांनी लिहिलं तसं आवाजाकडे लक्ष दिलं, पण मैदानात 'छप्प' येत नाही, 'थप्प' येतो. तरी एकदम आला की कळतं. दहाव्या दिवशी सलग चार वेळा गोल पडला.

काल षष्ठी होती. सासऱ्यांना घेऊन गेलो. त्यांनी उघाडीवरच्या दोघांशी ओळख करून दिली. त्यातल्या एकाने सांगितलं की पुलाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या चरात बघा. पावणेअकराला तळ दिसत होता, मग पाणी फिरलं. साडेअकराला चिखलावर ती थरथर दिसली, खरंच पाऊस पडल्यासारखी. सासऱ्यांनी माझा दंड धरून ठेवला, "आता नको, आता नको," आणि मग सोडला. चौथ्या टाकात ९ बोया एकदम. एकाही बोयेचं डोकं अडकलं नाही. पाण्यातच डब्यात सोडल्या. आणखी टाकला नाही. तीन तासांनीही नऊच्या नऊ जिवंत, अंगावर चकाकी तशीच.

जिताडा काल लागला नाही. दोनदा बोय ओढली गेली आणि दोन्ही वेळा मी घाईने झटका दिला. दुसऱ्या वेळी पाण्यात रुंद शेपटी फिरली ती सासऱ्यांनी पाहिली. उरलेल्या पाच बोया संध्याकाळी त्याच चरात सोडल्या.

शेवटचा प्रश्न. मी गरी बोयेच्या पाठीत, मधोमध लावत होतो. अर्ध्या तासात ती मंद व्हायची. कुठे लावावी?

दाभोळचा तांडेल

नऊच्या नऊ जिवंत, हे वाचून बरं वाटलं.

पाठीत मधोमध लावलीत की काटा कण्याजवळ जातो, म्हणून ती मंद होते. पाण्याला ओढ असेल तर खालच्या ओठातून वरच्या ओठात, म्हणजे ती तोंड पाण्याकडे करून पोहत राहते. पाणी संथ असेल तर पाठीवरच्या पहिल्या पराच्या किंचित पुढे, कातडीखालून, अगदी वरवर. गरी बारीक तारेची घ्या. आणि टोक आत वळलेला गोल गळ मिळाला तर तोच वापरा. त्याला झटका द्यायचाच नसतो. जिताडा बोय तोंडात घेतो, वळतो आणि चालायला लागतो. त्या वेळी दोर हळूहळू ताणत न्यायचा, गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. पोटात गेलेला नसतो, त्यामुळे लहान असला तर सोडताही येतो.

बोय लांब फेकू नका. पाण्यावर आपटली की अर्धी मेली. काठाला वाकून हात पाण्यात बुडवा आणि तळहातावरून तिला जाऊ द्या. ती डोकं खाली करून खोल गेली, की दोर दोन हात ढिला सोडून बोटावर धरा. एकादशीला भरती सव्वाआठला आहे. पहाटे पाचला पुलाच्या वरच्या अंगाला जाऊन बसा, सासऱ्यांना बरोबर घ्या, आणि दंड त्यांच्या हातात राहू द्या.